पंचांगातली बेटं

कर्नाळ्याला कुणी येत नाही. कर्नाळ्याला सगळे थांबतात. पनवेल सोडून दहा-बारा किलोमीटर आलं की मुंबई-गोवा हायवेच्या दोन्ही अंगांना एकदम झाडी दाटते, झाडीच्या डोक्यावर किल्ल्याचा सुळका दिसायला लागतो, गाडीतलं कुणीतरी ‘आलं बघा कर्नाळा’ म्हणतं आणि उरलेल्या सगळ्यांना त्याच क्षणी ‘जाऊन येण्याची’ आठवण होते. आमचं घर ताऱ्याच्या अलीकडे, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे अलिबाग, मुरूड, दिवेआगर, गणपतीपुळे, मालवण, गोवा अशा सर्व नातेवाइकांच्या सर्व सहलींतलं पहिलं प्रेक्षणीय स्थळ म्हणजे आमचं न्हाणीघर.

रांगेत उभ्या असलेल्या पाहुण्यांना आमचे हे स्थानिक माहिती देतात. पक्षी अभयारण्य 1968 चं, तेव्हा साडेचार चौरस किलोमीटरसुद्धा नव्हतं, 2003 मध्ये वाढवून बाराच्या वर नेलं. किल्ला महाराजांनी 1657 मध्ये घेतला, 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेला, 1670 मध्ये पुन्हा घेतला. वासुदेव बळवंत फडके इथल्याच शिरढोणचे, त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. आणि ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मध्ये शेवटी जी गाडी सुटते ती आपटा स्टेशनातून, ते इथून जवळच. यांपैकी फक्त शेवटच्या माहितीला ‘अय्या, हो?’ असा प्रतिसाद मिळतो. मग चहा, मग ‘काकू, तुम्हीपण चला ना’ असा सहा माणसं कोंबलेल्या गाडीतून येणारा आग्रह, मग धूळ. तो सुळका म्हणजे मला तरी हायवेवर लिफ्ट मागायला वर केलेला अंगठाच वाटतो. इतकी राज्यं आली नि गेली, पण समुद्रापर्यंत त्याला कुणी नेलं नाही.

हे सगळं पाहून माझा समज होता की सहल म्हणजे पाण्याच्या बाटल्या, ओला टॉवेल आणि कुणाची तरी राहिलेली चप्पल. सहल ‘प्लॅन’ करतात हे मला यंदा कळलं.

ह्यांचा पुतण्या नेदरलँडला असतो. त्या देशाचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे म्हणे. म्हणजे समुद्र डोक्यावर घेऊनच ती माणसं झोपतात. मागच्या उन्हाळ्यात हा आणि त्याची बायको ग्रीसला जाऊन आले. पारोस, नॅक्सोस, सँतोरिनी. रोज सकाळी बोट, रोज नवं बेट, बंदराला लागून खानावळ, समोर भाजलेला मासा आणि त्याच बेटावरच्या द्राक्षांची वाईन. याला ‘आयलंड हॉपिंग’ म्हणतात, असं त्याने व्हिडिओ कॉलवर समजावून सांगितलं. सँतोरिनीला वारा इतका की द्राक्षाच्या वेलींची जमिनीलगत टोपली वळतात, फळ टोपलीच्या आत वाढतं. त्या द्राक्षाचं नाव असिर्तिको. ‘वाऱ्याने फळ झडू नये म्हणून केवढी युक्ती, काकू!’

‘आमच्याकडे वाऱ्याने झडलं की लोणचं घालतात,’ मी म्हटलं.

‘तेच! लोकल! तसंच आपल्याला कोकणात करायचंय. डिसेंबरात येतोय. लोकल फूड, लोकल वाईन, रोज एक बेट. तुम्ही दोघंही चलायचंय. मी एक्सेल पाठवतो.’

आमंत्रण इतकं पक्कं होतं की ह्यांनी चष्मा पुसला.

एक्सेल आलं. रंगीत होतं. रकाने पाच: दिवस, बेट, जेवण, वाईन, सूर्यास्त. बेटं सहा: घारापुरी, खांदेरी, उंदेरी, कुलाबा, पद्मदुर्ग, जंजिरा. प्रत्येकापुढे जेवणाच्या रकान्यात ‘लोकल सीफूड’, वाईनच्या रकान्यात ‘लोकल’, आणि सूर्यास्ताच्या रकान्यात मिनिटासकट वेळ. एवढी एकच गोष्ट त्या कागदावर बरोबर होती.

माझं माहेर थळचं. खांदेरी-उंदेरी आमच्या समोरच्या पाण्यात. लहानपणी मी ही दोन्ही बेटं रोज पाहत असे आणि त्यांवर जायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमची बेटं माणसाला जेवू घालण्यासाठी मुळी उभारलेलीच नाहीत. खांदेरीवर महाराजांनी 1679 मध्ये किल्ला बांधायला घेतला तो मुंबईच्या इंग्रजांच्या आणि जंजिऱ्याच्या सिद्दीच्या नाकावर टिच्चून. मायनाक भंडारी एका हाताने इंग्रजी गलबतं परतवतोय आणि दुसऱ्या हाताने तट चढवतोय, असा तो प्रकार. मग सिद्दीने 1680 मध्ये शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं, आणि दोन्ही बेटं समोरासमोर तोफा डागत बसली. या धामधुमीत किनाऱ्यावर चार खुर्च्या टाकून पापलेट भाजावं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात खांदेरी आहे. वारसा जागतिक झाला, डबा अजून घरूनच न्यायचा. (त्या बारांत कर्नाळा नाही, हे ह्यांनी मनाला फार लावून घेतलंय.) खांदेरीला एक मोठा दगड आहे, त्यावर दुसरा दगड आपटला की धातूचं भांडं वाजवल्यागत ठण्ण आवाज येतो. तिथे भांड्याचा आवाज एवढाच. भांड्यात काही नसतं.

घारापुरीला माणसं राहतात, शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी गावं आहेत, जेवण मिळतं. वीज मात्र समुद्राखालून केबल टाकून 2018 साली पोचली. मुंबईच्या दिव्यांकडे बघत त्या लोकांनी एवढी वर्षं काढली. पण पर्यटकांना तिथे रात्री राहू देत नाहीत, आणि लेणी सोमवारी बंद. पद्मदुर्गाला होडीवाले सहजासहजी नेत नाहीत. जंजिऱ्याला नेतात, राजपुरीहून शिडाच्या होडीत बसवून. वारा असेल तर होडी जाते, नसेल तर नाखवा वाऱ्याची वाट बघतो, तुम्ही नाखव्याची. बावीस एकरांचा किल्ला, आत गोड्या पाण्याची तळी, कलालबांगडी तोफ, कुणालाही न जिंकता आलेला तट. आणि हे सगळं तासाभरात उरकून परत या, अशी तंबी. शिवाजी महाराजांना, संभाजी महाराजांना जो किल्ला घेता आला नाही तो बघायला आमच्या वाट्याला एक तास!

ह्या सगळ्याचं उत्तर म्हणून मी पुतण्याला फक्त एवढंच लिहिलं : ‘तारखा चुकल्या. तिथी बघायला पाहिजे.’

‘काकू, मुहूर्त?’ त्याने विचारलं. स्वर असा होता, की परदेशी जाऊन मी सुटलो आणि तुम्ही अजून तिथेच.

मुहूर्त नव्हे बाबा, पाणी. माझे वडील थळला मास्तर होते. शुभंकरोतीच्या आधी त्यांनी आम्हाला एक हिशेब शिकवला होता: तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. तिथून सहा तास पुढे-मागे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला आणि रात्री नऊला. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणून दुपारी बाराला ओहोटी. दहा-वीस मिनिटं इकडे-तिकडे होतील, पण आमच्या किनाऱ्याला हा हिशेब दगा देत नाही. कुलाबा किल्ल्याला होडीच लागत नाही. ओहोटी असली की अलिबागच्या किनाऱ्यावरून चालत जायचं, पाय भिजवायचे नसतील तर घोडागाडी आहेच. आत आंग्र्यांच्या वेळचं गणपतीचं देऊळ आहे. पण भरती लागायच्या आत परत फिरायचं. तिथे सूर्यास्ताचा रकाना चालत नाही.

मी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरून कालनिर्णय काढलं. ते 1973 पासून घराघरांत टांगलेलं आहे, तरी त्याचा खरा उपयोग समुद्रासाठी आहे हे कित्येकांना ठाऊक नाही. पुतण्याने पडद्यावर एक्सेल उघडलं, मी फोनच्या कॅमेऱ्यासमोर डिसेंबरचं पान धरलं, आणि नेदरलँड व कर्नाळा यांच्यातली पहिली नियोजन बैठक सुरू झाली.

‘मग अष्टमी घेऊ या,’ तो उत्साहाने म्हणाला. ‘बाराला ओहोटी. आरामात उठायचं, ब्रंच करायचं, चालत किल्ला.’

इथे भांग आडवी आली. म्हणजे प्यायची नव्हे, पाण्याची. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी चढतंही फार आणि ओसरतंही फार. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस; समुद्र धड चढत नाही, धड उतरत नाही, सरकारी कचेरीत साहेब रजेवर असताना फाइल राहते त्या गतीने राहतो. वेळ सोयीची, पण पाणी गुडघ्याखाली जायला तयार नाही. पनवेलच्या बाजारात मी माझ्या नेहमीच्या कोळीणमावशीला विचारलं तर ती कोयता न थांबवता म्हणाली, ‘अष्टमीला काय करताव, बाय? भांग हाय. म्हावरा कमी, भाव जास्ती.’ डोलीच्या जाळ्याला पाण्याची ओढ लागते. भांगाला ओढ नाही, म्हणून जवळा-बोंबील कमी. म्हणजे अष्टमीला किल्लाही नीट नाही आणि जेवणही नीट नाही.

‘एकादशी?’

अकरा पाऊणे सव्वाआठ, म्हणजे ओहोटी सव्वादोनला. वेळ चालेल. पण एकादशीला अलिबागला जाऊन साबुदाण्याची खिचडी खायची, तर मग अलिबागने काय घोडं मारलंय? आमच्या घरी ह्यांचा सोमवार, शिवाय संकष्टी. धाकटे दीर-जाऊ पुण्याहून येणार होते; जाऊबाईंचे मार्गशीर्षातले गुरुवार, आणि डिसेंबर म्हटला की मार्गशीर्ष बहुधा आलाच. मी कालनिर्णयावर लाल पेनाने उपवास, निळ्या पेनाने उधाण, हिरव्या पेनाने पुतण्याची रजा अशा खुणा केल्या. तिन्ही रंग जमतील असा दिवस सापडेना. समुद्र जेव्हा वाट देतो तेव्हा देव जेवू देत नाहीत, आणि देव जेवू देतात तेव्हा कंपनी रजा देत नाही.

अमावास्या मी आधीच वगळली होती. त्याला अंधश्रद्धा म्हणा हवं तर. माझी आजी अमावास्येला घरातल्या कुणाला लाँचमध्ये पाऊल टाकू देत नसे. 17 जुलै 1947 ला, गटारीच्या दिवसांत, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यांत आमच्या बाजूच्या गावांतली कितीतरी होती. डिसेंबरातला समुद्र निवांत असतो हे मला कळतं. तरी अमावास्येवर माझं पेन फिरलं नाही.

या बैठकीत ह्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं, पण त्यांनी दिलं. हे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. दुष्काळी भाग. रसायनीला नोकरी लागली म्हणून कर्नाळ्याच्या पायथ्याशी आले. लग्नानंतर पहिल्यांदा थळला आले तेव्हा किनाऱ्यावर उभं राहून बराच वेळ समुद्राकडे बघत होते. मला वाटलं, भारावले. मग म्हणाले, ‘एवढं पाणी, आणि ज्वारीला उपयोग शून्य.’ ते मत त्यांनी अजून बदललेलं नाही. माशाला काटे असतात हा त्यांना माशाचा खवचटपणा वाटतो. बोटीत त्यांना पोटात ढवळतं. पण पुतण्याने गाडीत जागा ठेवली म्हटल्यावर त्यांनी आवळासुपारीची डबी भरून ठेवली.

जेवणाचा रकाना वरवर सोपा होता. लोकल सीफूड, एवढंच. मी यादी सांगायला घेतली: खारेपाटातल्या तळ्यातला जिताडा, पण तो विकत घ्यायचा मासा नव्हे, ओळखीने मिळवायचा मासा, त्यासाठी पेणला माझ्या मावसभावाला आधी दोन फोन करावे लागतील. ओले बोंबील. सोड्याची खिचडी. तांदळाची भाकरी. अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि जो कच्चाच खायचा असतो. थंडी पडलेली असेल तर पोपटी : मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये अंडी, कोंबडी, पुन्हा पाला, मडकं उपडं घालून भोवती पेंढा-पाचोळा पेटवायचा. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं फोडण्याआधी जो वास सुटतो त्यावर आमच्या रायगड जिल्ह्यात भांडणं मिटतात आणि नवी सुरू होतात.

पुतण्या गप्प. मग हळूच म्हणाला, ‘काकू, एक सांगायचं राहिलं. ही व्हीगन झालीय.’

व्हीगन म्हणजे काय ते मला माहीत होतं, पण ह्यांना समजावून सांगावं लागलं. मासे नाहीत, अंडी नाहीत, दूध-दही-तूप नाही, मधसुद्धा नाही. ‘मग उपास कधी सोडते?’ ह्यांनी विचारलं.

आधी मी हबकले. मग बसून विचार केला तर लक्षात आलं, आमच्याकडे सगळं आहेच. वालाचं बिरडं. काजूची उसळ. फणसाच्या भाजीचा हंगाम नाही, पण अळूवडी आहे. घावन आणि नारळाचा रस. सोलकढी नारळाच्या दुधाची, म्हणजे गाईला त्रास शून्य. कोकणातल्या बायकांनी नारळ पिळून पिळून पिढ्यान्‌पिढ्या व्हीगन स्वयंपाक केला आणि कुणी एक मासिक काढून त्यांचा फोटो छापला नाही. एक अडचण राहिली, मोदकावरचं तूप. त्यावर मी आणि सूनबाई दोघींनी न बोलायचं ठरवलं.

राहिला वाईनचा रकाना. सगळ्यांत जास्त वेळ त्याने खाल्ला.

‘लोकल’ म्हणजे कुठली? रायगडात नाव घेण्याजोगी द्राक्षं होत नाहीत. द्राक्षं नाशिकची, वाईन दिंडोरीकडची. नाशिकहून अलिबागला आणलेली बाटली लोकल धरायची तर मग माझ्या नवऱ्यालाही कोकणी धरावं लागेल. उत्तरेला बोर्डीला चिकूची वाईन करतात, पण बोर्डी म्हणजे डहाणूच्या पलीकडे, आमच्या नेमक्या उलट्या दिशेला. दक्षिणेला गोवा. काजूच्या फेणीला 2009 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालंय. पण फेणी ही वाईन नव्हे, आणि गोव्यापर्यंत जायचं तर हायवेचा प्रश्न येतो. या रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम 2011 मध्ये निघालं तेव्हा पुतण्या कॉलेजात होता. आता त्याचे कल्ले पांढरे व्हायला लागलेत आणि रस्त्याचे काही तुकडे अजून तारुण्यात आहेत.

शेजारच्या पाटलांनी माडीचं सुचवलं. खरंच लोकल. माडावर मडकं बांधायचं, पहाटे उतरवली तर नीरा, गोड. उन्हं चढली की माडी. आणि फार वेळ ठेवली तर वांगी शिजवताना घालायचं आंबट. एकाच मडक्यात सकाळी लहान मुलांचं पेय, दुपारी बापाचं, संध्याकाळी आईचं. ग्रीसच्या वाईनला म्हणे वर्षानुवर्षं मुरावं लागतं. आमच्या वाईनचं तारुण्य दुपारच्या जेवणाआधी ओसरतं. पण माडी प्यायची कुठे, तर परवाना असलेल्या दुकानात, बाकावर. सूर्यास्ताच्या रकान्याशी ते जुळेना.

परवान्याचं नाव निघताच हे जागे झाले. कायदा पाळण्याची ह्यांना फार हौस. मुंबई दारूबंदी कायदा 1949 सालचा, त्याखाली महाराष्ट्रात दारू प्यायला अजून परवाना लागतो. वाईन-बिअरला वय 21, बाकीच्याला 25. ह्यांनी अर्ज कुठे मिळतो याची चौकशीसुद्धा सुरू केली. ‘तुम्ही पिणार आहात?’ मी विचारलं. ‘नाही,’ म्हणाले, ‘पण कागद असलेला बरा.’

धाकट्या दिरांनी पुण्याहून आक्षेप नोंदवला, की आपल्या घरात आजवर दारू आली नाही. पुतण्या म्हणाला, वाईन म्हणजे दारू नव्हे. हा वाद आमच्या घरातला नाही. जानेवारी 2022 मध्ये राज्य सरकारने सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा अख्खा महाराष्ट्र यावरच भांडत होता; एक म्हणे शेतकऱ्याचा माल, दुसरा म्हणे दारू ती दारू. सरकारला न सुटलेला प्रश्न आम्ही व्हिडिओ कॉलवर सोडवायला बसलो. शेवटी मी दिरांना त्यांच्या आईची आठवण करून दिली. आमच्या सासूबाई कट्टर दारूबंदीवाल्या. गावात दारूचं दुकान नको म्हणून मोर्चात पुढे. आणि रोज जेवणानंतर न चुकता दोन चमचे द्राक्षासव. कधी अंगात कणकण असली तर चार. द्राक्षासवात अल्कोहोल आपसूक तयार होतं, बाटलीवर तसं छापलेलंही असतं, पण त्या बाटलीकडे औषध म्हणून बघायच्या आणि औषधाला नावं ठेवायची नाहीत असं त्यांचं तत्त्व. दीर गप्प झाले. जाऊबाई मात्र बराच वेळ हसत होत्या, कारण तो चमचा भरून द्यायचं काम त्यांच्याकडे असायचं.

वाईनचा खरा तोडगा मला रात्री भांडी घासताना सुचला. थळला माझ्या वर्गात एक बेने इस्रायली मैत्रीण होती. त्यांच्या परंपरेत असं सांगतात, की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत आमच्या शेजारच्या नवगावापाशी फुटलं आणि वाचलेली माणसं इथेच राहिली. तेलाचे घाणे चालवायची, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावं सगळी आमच्याच गावांची : थळकर, नवगावकर, किहीमकर, पेणकर. 1948 नंतर बरीचशी माणसं इस्रायलला गेली. अलिबागला इस्रायल आळी आणि सिनेगॉग अजून आहे. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांच्या घरी शब्बाथ सुरू होतो, आणि त्याच्या प्रार्थनेला द्राक्षाची वाईन लागते. कोकणात वाईन कुठून आणायची? तर या लोकांनी काळे मनुके पाण्यात भिजवून, कुस्करून, फडक्यातून गाळून त्याचं सरबत केलं आणि तेच वाईन म्हणून प्रार्थनेला ठेवलं. पिढ्यान्‌पिढ्या. मैत्रिणीच्या आईने मला ते लहानशा पेल्यात दिलं होतं. जांभळट, गढूळ, फार गोड नाही, मनुक्याच्या सालीची किंचित तुरट चव मागे राहणारं. माझ्या आईला कळलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, की पेला विसळून ठेवलास ना?

सोबत त्यांच्याकडे मलिदा असतो. एलियाहू हन्नाबीच्या नावाने करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गोडासाठी साखर किंवा गूळ, वेलदोडा, सुकामेवा आणि वर फळं. दूध नाही, तूप नाही. म्हणजे रायगड जिल्ह्यातली लोकल वाईन आणि व्हीगन पक्वान्न, दोन्ही एकाच घरात, कुणीही एक्सेल न करता, कधीपासून तयार होती.

मी रात्रीच निरोप पाठवला. सकाळी पुतण्याचं उत्तर : ‘भारी! पण काकू, यात अल्कोहोल किती?’

‘शून्य.’

‘मग ती वाईन कशी?’

‘ज्यांनी देवाला वाईन म्हणून चालवून घेतली त्यांना विचार. देवाने तक्रार केलेली नाही.’

सूनबाईने हृदयाचं चिन्ह पाठवलं. ह्यांनी परवान्याचा अर्ज घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला, पुढे लागला तर असावा म्हणून.

तिथीचा प्रश्नही त्या भरात सुटला. पौर्णिमा झाली की उधाण लगेच उतरत नाही, दोन-तीन दिवस जोर राहतो. तृतीयेला तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठला. चतुर्थीला नऊला मिळेल, पण ती संकष्टी, ह्यांचा चंद्रोदयापर्यंत उपास. तेव्हा वद्य तृतीयेला कुलाबा किल्ला पायी, परत येऊन ओले बोंबील आणि बिरडं. चतुर्थीला उपास करणाऱ्यांनी उपास करायचा आणि बाकीच्यांनी प्रवास: रेवदंडा, कोर्लई, मुरूड, संध्याकाळी जंजिऱ्याचं फक्त लांबून दर्शन. पंचमीला राजपुरीहून शिडाच्या होडीत, वारा असेल तर. मग आगरदांड्याहून जंगलजेटीत गाडी चढवून दिघीला उतरायचं, आणि दिवेआगरला दोन दिवस काहीही न करता पडायचं. सहा बेटांची दोन झाली. पुतण्याने विचारलं, ‘मग हे हॉपिंग कसलं?’ मी म्हटलं, तुमच्या ग्रीसमध्ये भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरती, म्हणून तिथे माणसं उड्या मारतात. इथे समुद्र दिवसातून दोनदा येतो नि जातो. उडी त्याची असते.

ही मंडळी तारखेला येतील. विमानतळ आता पनवेललाच झालंय, म्हणजे परदेशातून येणारे नातेवाईकही यापुढे हात-पाय धुवायला आमच्याकडेच.

तुम्ही जाणार असाल तर एवढं करा. मोबाइलवर हवामान बघण्याआधी कालनिर्णय बघा. पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस धरा, अष्टमी सोडा. घारापुरीला सोमवारी जाऊ नका. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्याही बंद. तेव्हा बेटांचा हट्ट धरू नका, घरी बसून सुकट खा. मनुके काळे घ्या आणि आदल्या रात्री भिजत घाला. बियांचे मिळाले तर गाळायचं फडकं जाड घ्या.